पेवावरचा कोपरा

ठेकेदार म्हनलं का लोकाईच्या डोळ्यासमोर बुलेटवरचा गडी येते. गळ्यात चेन, खिशात दोन मोबाईल. माह्याजवळ एक पिशवी होती. तिच्यात ओळंबा, सुतळी, निळीची पुडी, टेप अन् पानसुपारी. मी चौथी शिकली, लोणार तालुक्यातल्या एका खेड्यात. सही येते, आकडे येते, मोठा कागद वाचाले मात्र येळ लागते. पन भिंत ओळंब्यात हाय का नाही, हे मले दुरून सांगता येते.

दिवाळी अंकवाल्या बाईनं म्हनलं, "गयाबाई, तुमच्या धंद्याचं काही सांगा." मी म्हनलं, धंद्यात सांगाले काय हाय माय? इट, रेती, सिमिट अन् ऊन. तरी एक घर हाय सुलतानपुरातलं, त्याचं सांगते. ते घर अजून उभं हाय, म्हनून सांगाले जीभ उचलते.

आमचे मालक मिस्त्री होते. मी त्याईच्या हाताखाली घमेलं वाहे. एका कामावर परांची सरकली अन् ते वरून पडले, त्यातच गेले. त्याचं जास्त नाही सांगत. तेरवी झाली अन् गडी दुसरीकडं जाले निघाले. तवा मी उस्मान मिस्त्रीले म्हनलं, "भाऊ, काम अर्धं हाय. मालकाचं नाव अर्ध्या भिंतीवर ठेवू नोको." उस्मान आमच्याकडं पयलेपासून होता. तो म्हने, "बाई, भिंत मी उचलतो. बोली कोन करन?" म्हनलं, "मी करतो." तवापासून बोली मीच केली.

बाहेरच्या मानसाले वाटते, घर बांधनं म्हंजे इटावर इट. तसं नसते. आमच्याकडं ठेका दोन जातीचा. एक मजुरीचा: माल घरवाल्याचा, हात आमचे, भाव फुटावर. दुसरा मालासकट: रेती, लोखंड, सिमिट, इटा, सगळं आपल्या अंगावर. मजुरीच्या ठेक्यात पोट भरते, पन हाडं झिजते. मालासकट ठेक्यात दोन पैसे दिसते, पन झोप जाते. कारन बोली आज होते अन् रेती उद्या बंद होते. नदीचा घाट बंद झाला का रेतीचा टिप्पर सोन्याच्या भावानं येते, अन् घरवाला म्हनते, "बाई, बोलीत तर येवढंच ठरलं होतं." म्हनून मी एक नेम केला होता. रेती घरवाल्याच्या अंगनात पडल्याबिगर मालासकट बोली करायची नाही. लोक हासत. "गयाबाई पयले रेती पाह्यते, मंग पाहुन्याले राम राम करते," म्हनत. हासू द्या.

अन् काम बारा महिने नसते. सोयाबीन घरात आलं, इकलं, का मानूस घराचं बोलते. लगनसराई लागली का थांबते. पावसाळ्यात तर गडी बसून. घरकुलाची कामं येते, पन त्याचे हप्ते सरकारच्या मर्जीनं. पाया झाला का फोटो, जोतं झालं का फोटो, अन् हप्ता येईपरयंत भिंतीवर शेवाळ.

गिऱ्हाईकं एकेक तऱ्हेचे. दुसरबीडले एका हॉटेलवाल्याचा जिना बांधला. सगळं झाल्यावर त्याले कोनीतरी सांगतलं, पायऱ्या विषम पाह्यजे, सम असल्या का धंदा बसते. तो म्हने, "एक पायरी काढा." म्हनलं, "दादा, पायरी म्हंजे दात नाही, हलला का उपटला." तो ऐकेना. मंग मी खाली एक फरशी बसवली, चार बोटं उंचीची, अन् म्हनलं, "मोजा आता." मोजल्या. विषम. मले चहा पाजला अन् वरून भजे. धंदा त्याचा चालला, तो भज्यानं चालला, पन त्यानं पायरीले नारळ फोडलं.

आता लायसनचं.

खाजगी घराले लायसन कोनी इचारत नाही. पन अंगनवाडी, शाळेची खोली, नालीवरचा पूल, असलं सरकारी काम घ्याचं तर बांधकामाच्या हापिसात ठेकेदार म्हनून नोंदनी पाह्यजे. ती माह्याजवळ नव्हती. मंग आमच्याकडं काय करते, तर दुसऱ्याच्या लायसनवर काम. नाव त्याचं, सही त्याची, टक्का त्याचा. माती, पानी, ऊन आपलं. एका बड्या ठेकेदाराच्या नावावर मी अशी लय वर्सं कामं केली. नाव घेत नाही. मानूस वाईट नव्हता. वरचीवर म्हने, "गयाबाई, तुमच्या कामाले पाहाची गरज पडत नाही." खरंच पाहाले येत नव्हता.

मंग एका दिवाळीनंतर त्यानं बलावलं अन् म्हनलं, "गयाबाई, आता माहा भाचा या धंद्यात उतरून राह्यला. लायसन त्याले लागन. तुमी आपलं पाहून घ्या."

मी म्हनलं, "दादा, येवढ्या कामाचा एक दाखला तरी द्या, गयाबाईनं केलं म्हनून."

तो म्हने, "कसा देऊ? कागदावर तर मी केलं."

खोटं नव्हता बोलत. मी परत आली. त्या साली रेती बंद, खाजगी कामं थांबलेली. माह्यासंग बारा गडी-बाया होत्या. उस्माननं सांगतलं, "बाई, पोट्टे पुन्याच्या साईटवर जाऊ म्हनून राह्यले. येकदा गेले का टोळी फुटली." तोही जाईन असं त्याच्या तोंडावर दिसलं. मी म्हनलं, "दोन महिने थांबव त्याईले. मी माह्या नावाचं लायसन काढतो."

"तुमच्या नावाचं?"

"मंग कोनाच्या? तुह्या बकरीच्या?"

ऐपतीचा दाखला काढला, चारित्र्याचा काढला, पॅन काढलं, जीएसटीचा नंबर काढला. तहसीलच्या पायऱ्या येवढ्या चढली का त्या सम हाय का विषम ते पाठ झालं. सगळ्यात अडलं ते केलेल्या कामाच्या दाखल्यावर. हापिसातले बाबू म्हनले, खाजगी कामं चालतील, पन घरमालकाचं पत्र आना, फोटो आना. साहेब त्यातलं एखादं काम सोता पाहातील. लहान आकाराची दोनतीन घरं दाखवली तर सगळ्यात खालच्या वर्गात नोंदनी होईन. एक मोठं काम धरलं तर त्याच्या वरच्या वर्गात.

मोठं काम माह्याकडं एकच होतं. सुलतानपूरच्या सलीमसेठचं. धान्याचा व्यापारी, खाली गोदाम अन् दुकान, वर दोन खोल्या. मालासकट ठेका, पायापासून चाबीपरयंत माहं. हापिसातल्या यादीत मी ते लिहून देलं अन् पत्र आनाले बसनं गेली.

सलीमसेठनं खुर्ची देली, पानी देलं, चहा सांगतला. "मौसी, लेटर क्या, दो लेटर लिखतो." मराठीत बोले, मधातच हिंदीत घुसे. तिथल्या तिथं त्यानं दुकानाच्या कागदावर लिहून शिक्का मारला. मंग म्हने, "अब जरा मागं चला."

मागच्या कोपऱ्यावर भिंतीले चीर गेली होती. जोत्यापासून खिडकीपरयंत, तिरपी, माहं बोट जाईन येवढी. कोपरा खाली बसून राह्यला होता. मी चिरीत बोट घातलं अन् खालून वर फिरवलं. चीर उभी असली तर गिलाव्याची असू शकते. तिरपी असली का पाया बोलते.

"कवापासून?"

"या बरसातीपासून. कोई बात नहीं मौसी, पुट्टी मारून रंग देतो. साहेबाले काय दिसन? तुमचं काम होऊ द्या."

खरं सांगते, मी पत्र पिशवीत टाकलं अन् निघाली. डोक्यात येकच: बारा गडी, दोन महिने. पुट्टी मारन तो, मी थोडी मारतो. फाट्यापरयंत गेली. बस आली, कंडक्टर म्हने, "आजी, चढा की." माहा पाय उचलेना. कारन त्या कोपऱ्याच्या वरच्या खोलीत सलीमसेठचे लेकरं अभ्यास करत बसले होते, ते मी येताना पाह्यलं होतं. मी म्हनलं, "जा बा तू." अन् मागं फिरली.

सलीमसेठच्या हातात पत्र परत देलं. "कोपरा नीट झाला का मंग द्या."

"मौसी, पागल झाल्या का? साहेब येनार हाय ना?"

"येऊ द्या. लेकराईले आजपासून समोरच्या खोलीत बसवा."

दुसऱ्या दिवशी उस्मान अन् चार गडी घेऊन आली. कोपऱ्याच्या बाहेरून खड्डा खंदला. गावठानाची जमीन आमच्याकडं पांढरी असते, राखेवानी. कोरडी असली का दगडावानी, पानी पडलं का साखरेवानी. तिच्यात पाया घ्याचा तर ती पूरी खंदून खालच्या मुरमाले टेकाचं, हे मले माहीत होतं अन् मी टेकवलंही होतं. मंग कोपरा बसला काऊन? कमरेयेवढं खंदलं अन् उस्मानची सब्बल, लोखंडी पहार, एकदम आत गेली. भस्सकन. खालून कुजल्या कडब्याचा वास आला.

"बाई," उस्मान म्हने, "पेव."

पेव म्हंजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. जुने लोक असंच धान्य ठेवत. तोंड घागरीवानी बारीक, पोट आत मोठं, कड्याईले कडबा अन् शेन. वर दगड ठेवला, माती लोटली का कोनाले पत्ता नाही. पुढं पेवं बंद पडली, लोकं इसरले. मी ज्याले मुरूम समजून पाया टेकवला, ती पेवाच्या तोंडावरची दाबलेली भर होती. या पावसात पानी आत गेलं अन् भर खाली बसली.

गावठानात पाया घ्याचा तर आमच्यात एक रीत हाय. पयली कुदळ मारायच्या आधी गल्लीतल्या जुन्या मानसाले इचाराचं, इथं पेव होतं का, आड होता का, मढं होतं का. माह्या सासऱ्यापासूनची रीत. मी मोडली नव्हती. घर बांधायच्या वक्ती ओट्यावरच्या तीन म्हाताऱ्याईले इचारलं होतं. तिघंही म्हनले, "नाही, तो तर परस होता."

मी खड्ड्याजवळ बसली होती तवा मागच्या दाराचा पडदा सरकला. सलीमसेठची माय. सगळे तिले बडी अम्मी म्हनत. कमरेतून वाकलेली, डोळे मात्र चिमनीवानी. खड्ड्यात पाह्यलं अन् म्हने, "निकला क्या मेरा पेव?"

"अम्मी, तुमाले ठावं होतं?"

"मेरे कू नहीं तो किसकू? नई दुल्हन थी तब से उसमें उतरती थी मैं. कमर कू रस्सी बांध के सास छोडती थी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

अम्मीनं माह्याकडं पाह्यलं. "तूने पूछा? बाहर मरदों कू पूछ के गई. मैं तो परदे के पीछेच खडी थी."

खरं होतं तिचं. पेव लिपाले बायाच, सारवाले बायाच, रश्शीनं आत उतरून दाने काढाले बायाच. गडी फक्त पोतं उचलाले येत. मी सोता बाई, घमेलं वाहून केस उडाले माहे, लोकं मले बाई म्हनून बोली कमी करत त्याचा राग येई. अन् मी बाईले इचारलं नाही. ओट्यावरच्या पटकेवाल्याईले इचारून मोकळी झाली.

"चुकलं अम्मी," म्हनलं.

"चल, अब काम देख. नीचे उतरने के पहले कंदील छोड. बुझा तो मत उतरना."

उस्माननं खिशातला मोबाईल काढला, बॅटरी लावली. अम्मी भडकली, "अरे मुए, वो तेरी बत्ती बुझती क्या हवा से?" खरंच होतं. बंद पेवात इखारी हवा असते, अन् बॅटरीले त्याचं काय. जुना कंदील आनला, रश्शीनं खाली सोडला. दोनदा इझला. मंग तोंड मोठं केलं, हवा लागू देली, तिसऱ्या वक्ती जळत राह्यला. तवा उस्मान उतरला.

वर भिंत उभी ठेवून खालून पाया बांधनं म्हंजे चालत्या बैलाचा नाल बदलनं. कोपऱ्याले लोखंडी टेकू देले. एका वक्ती दोन हात जागाच मोकळी कराची, खाली मुरमाले टेकाचं, दगड अन् काँक्रीट भराचं, ते पक्कं होऊ द्याचं, मंग बाजूचे दोन हात. घाई केली का सगळं अंगावर. खर्च सलीमसेठ वाटून घ्याले तयार होता. मी नाही म्हनलं. माह्या सेंट्रिंगच्या अर्ध्या प्लेटा इकल्या. स्लॅब टाकाच्या त्या लोखंडी प्लेटा, मालक गेल्यावर येकेक करून जमवलेल्या. टेम्पोत चढल्या तवा त्याईचा आवाज ऐकू येऊ नाही म्हनून मी नळ सोडून बसली.

साहेब ते घर पाहाले बुधवारी येनार होते. सोमवारीच आले. दुसरीकडं काम होतं, जाता जाता वळले. अन् माहं सगळ्यात मोठं काम त्याईले कसं दिसलं? कोपऱ्याले टेकू, बाजूले खड्डा, खड्ड्यातून उस्मानची टोपी.

"हे काय आहे?" साहेब म्हनले. संगचा बाबू मागून मले डोळ्यानं खुनावून राह्यला, गटारीचं काम हाय म्हनून सांगा.

"चूक हाय साहेब," मी म्हनलं. "माही."

"मग हेच काम यादीत का दिलं?"

"देलं तवा मले दिसली नव्हती. दिसल्यावर लपवाले येळ नाही भेटला. तुमी दोन रोज आधी आले."

खड्ड्यातून उस्मान हासला. साहेब नाही हासले. खाली वाकून पाह्यलं. "एका वेळी किती लांबी उघडता?"

"दोन हात."

"आधीचं पक्कं व्हायला किती दिवस देता?"

सांगतलं. पानी किती मारतो तेही सांगतलं. त्याईनं टेकूले हात लावून पाह्यला, चिरीवर मी लावलेल्या कागदाच्या पट्ट्या पाह्यल्या. भिंत हलली का पट्टी फाटते, हे आमचं गावठी माप. एकही फाटली नव्हती.

तेवढ्यात पडद्याआडून अम्मी बोलली, "साब, पहले इसने पूछा नहीं था. अब पूछती. लिख लो."

आता मात्र साहेब हासले. पन डोळे हासले नाही. म्हनले, "बाई, हे काम मला धरता येणार नाही. मूळ पाया चुकला, ते मी कसं बरोबर लिहू? बाकीची दोन घरं पाहतो."

"पाहा साहेब," म्हनलं.

पाह्यली त्याईनं. एक मेहकरकडचं, एक डोणगावचं. दोनीही ओळंब्यात होते. महिन्यानं कागद आला. सगळ्यात खालचा वर्ग. नाव पुरं लिहिलं होतं, माहं, मालकाच्या नावासकट. मी ते तीनदा वाचलं. मोठा कागद, येळ लागला. वरचा वर्ग नाही भेटला, तो पुढंही कधी नाही भेटला. आमच्याच गावच्या शाळेच्या चार खोल्या निंघाल्या तवा मी टेंडर भरू शकली नाही, दुसऱ्याचा बोर्ड लागला. त्याचं वाईट वाटलं. अजून वाटते, शाळेवरून जाताना मी पाठ फिरवतो.

पन टोळी फुटली नाही. अंगनवाड्या बांधल्या, नालीवरचे पूल बांधले, स्मशानाची भिंत बांधली. सलीमसेठनं पत्र परत देलं, कोपरा पक्का झाल्यावर. ते कोनत्या कामाले नाही आलं. डब्यात हाय.

गुडघे गेले तवा लायसनची मुदत सरू देली. नवं केलं नाही. उस्मानही घरी बसला, बडी अम्मी तर कवाच गेली.

मागं पावसाळा सरल्यावर आमच्या घराच्या बाजूच्या जागेत घर निंघालं. नवा ठेकेदार, बुलेटवाला, मोठं लायसन. जेसीबी घेऊन आला. मी दारातून पाह्यलं. त्यानं ओट्यावरच्या दोघातिघाईले हात केला, काहीतरी बोलला, ते मान हालवून "काही नाही, काही नाही" म्हनले. जेसीबीनं दात खाली घातले.

मी काठी घेतली, हळूहळू गेली अन् जिथं मशीन खंदनार होतं तिथं दगडावर बसली.

ड्रायव्हर ओरडला, "ओ आजी, उठा! लागन ना!"

ठेकेदार आला. "आजी, काऊन बसल्या अठी? काय पाह्यजे?"

"काही नाही बा. तू इचारायची वाट पाहून राह्यली."

"काय इचारू?"

"मी या घरात सून म्हनून आली तवापासून इथं काय काय होतं, ते."

त्यानं ओट्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मंग हात वर केला अन् मशीन बंद करवलं. माह्यासमोर उकिडवा बसला.

मी काठी उचलली अन् त्याले जागा दाखवली.